उरलेले जंत

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर कोकरू घेऊन बसलेल्या बाईंच्या मागे दोघे मेंढपाळ भाऊ बोलत होते. मान न वळवता त्या ऐकत राहिल्या.

“दादा, तुझ्या कळपातले जंत एका वाणाचे नाहीत. तपासणीत निघालं. काही औषधाने मरतात, काहींना ते नुसतं पाणी.”

“परवाच सगळ्यांना पाजलंय.”

“मग कच्चे मेले, चिवट उरले. आता लेंड्यांतून त्यांचीच अंडी गवतावर पडणार. कळप माझ्या कुरणात आणू नकोस.”

“सख्ख्या भावाला कुरण बंद?”

“भावाला नाही रे, जंतांना. माझ्या मेंढ्यांना अजून औषध लागू पडतं. तेवढं तरी राहू दे.”



“तुझ्या वहिनीनं मेंढ्या सकाळीच सोडल्या.”

“कुठं?”

“तुझ्या कुरणात. औषधानं मलूल झाल्यात, चांगलं गवत मिळावं म्हणून.”