तुटक रेघेचं कौतुक

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे सर, व्यासपीठावरचे पाहुणे, प्रयोगशाळेतली सगळी मंडळी आणि जिच्यासाठी आज ही खुर्च्यांची मांडामांड झाली ती इथली सगळ्यांत लहान सहकारी, आमची धाकटी,

धाकटी मोठ्या संस्थेत निघाली आहे. तिच्याविषयी चांगलं बोलायला मला उभं केलंय. बोलते. पण आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. हसताय काय? खरंच वाटतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. सूक्ष्मदर्शकातून पेशीचं चित्र येतं आणि त्यातला कुठला भाग कुठे संपतो, ती रेघ मी हाताने ओढते. केस पिकले त्यात. जिथे कड दिसत नाही, तिथे मी रेघ तुटक सोडते, अंदाजाने जोडत नाही. त्यावरून सरांची किती बोलणी खाल्ली! "पुन्हा अर्धवट? जोडून टाका की!"

मग धाकटीने कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. आमचा चहा संपायच्या आत पेशीचा अख्खा नकाशा तयार! पूर्वी नवं चित्र आलं की सर माझ्या टेबलाशी यायचे. आता तडक तिच्या पडद्यासमोर. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

परवा तर हद्द झाली. पाहुण्यांसमोर सर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा, दिसत नाही तिथे रेघ सोडून दिली. याला म्हणतात प्रामाणिकपणा!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. धाकटीला जिन्यात गाठलं.

"हे त्या यंत्राला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच, ताई. आधी त्याला शिकायला सरांनी काढलेल्या रेघा दिल्या होत्या. ते नसलेल्या भिंतीही उभ्या करायला लागलं. मग फक्त तुमच्याच दिल्या."

बघा, आत्ता सरही हसले, बरं वाटलं.

धाकटे, तू गुणी आहेस, नाव काढशील. तुझ्याबरोबर माझा हातही तिकडे जाणार आणि मी इथेच राहणार, याचं वाईट वाटतं. पण खरा हेवा तुझा नाही, त्या यंत्राचा. जे ऐकायला मी इतकी वर्षं कान लावून बसले, ते त्याला आल्या आल्या मिळालं. आणि त्याला तर कानही नाहीत!

असो. संयोजकांनी माझ्यासारखीला माईक दिला, त्यांचे आभार. कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने समजून घ्या. आता अध्यक्षांचं भाषण आहे. सर, ते परवाचं वाक्य एकदा माझ्याकडे बघून म्हणा.