पाळीला लागलेली घूस

सकाळचे नऊ. जेठ महिना, सन एकोणीसशे अठ्ठावन्न. पळसबोडी गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. पाळीवर आमची आजी धुरपताबाई, सरकारी ओव्हरसियर चुन्नीलाल, आणि एक भोक. बस्स, एवढंच! एवढ्याचं काय प्रकरण व्हावं? पण बाईनं भोक दाखवलं आणि चौकशी लागली तिच्या पोरावर, म्हणजे आमच्या परसरामकाकावर... आता यात म्हातारीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, तो तलाव आमच्या पणजोबांनी बांधलेला. तलाव बांधणं हाच आमच्या जातीचा धंदा, दुसरं आम्हाला येतंय काय? पण मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला, आणि हुकूम आला की पाळीला कोणी हात लावायचा नाही. लावला तर दंड. आजीला हे काही केल्या पटेना. ती तलावाला आपली थोरली जाऊ म्हणायची. थोरली जेवली तर आपण जेवू, असा तिचा हिशेब. घरात इतकी माणसं, पण सगळ्यांची ताटं उठल्याशिवाय हिनं तोंडात घास घातला असेल तर शपथ! आणि पाऊस लागण्याआधी पाळीवर चक्कर मारून आल्याशिवाय हिला झोप नाही. कारण उघड आहे. पाळ फुटली तर पहिली बांधी, म्हणजे धानाचं शेत, आमची, पहिलं घर आमचं.

तर पाळीत घूस शिरली होती. घूस, म्हणजे तो मांजराएवढा उंदीर हो. पाळ पोखरते, पावसाळ्यात त्या बिळात पाणी शिरतं, आणि सकाळी उठून बघावं तर तलाव शेतात! म्हणून आजीनं चुन्नीलालला भोक दाखवलं. चुन्नीलाल मूळचे जबलपूरकडचे. नोकरी जुन्या राज्यात लागलेली. मधल्या काळात राज्य बदललं, पण त्यांची हिंदी काही बदलली नाही.

आजी म्हणाली, "साहेब, घूस लागली. पुरी पाळ खाऊन राहिली."

आता हिंदीत घूस म्हणजे लाच, ते तुम्हाला माहीत आहे. आजीला नव्हतं. चुन्नीलालनं इकडंतिकडं पाहिलं, आवाज बारीक केला आणि विचारलं, "कब से चल रहा है?"

"दोन सालापासून. आता त पिल्लंही झाली."

"और कौन-कौन है इसमें?"

"पुरं खानदानच हाये, साहेब."

"रास्ता कहाँ से है?"

आणि आजीनं बोट दाखवून, अगदी खुलासेवार सांगितलं, "आमच्या परसरामच्या बांधीतून."

झालं! परसरामकाकाकडं तलावाचं पाणी सोडायचं काम होतं. चुन्नीलालनं वर कळवलं की पळसबोडीत पाण्यासाठी घूस चालते, दोन वर्षांपासून चालते, खानदानी आहे, आणि खुद्द आरोपीच्या आईनं कबुली दिली आहे. आता यात म्हातारीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तिला कोणी एकदा तरी विचारलं का, की बाई, घूस किती पायांची?

चौकशीचं बोलावणं आलं तसा काका घरातच बसला. गावात वर मान करून चालणारा माणूस, पण पानठेल्यावर जायचा बंद झाला. जावं तर लोक विचारायचे, काऊन गा परसराम, आमच्याकडून त काही घेतलं नाही, मग कोणाकडून घेतलं? पुढे काका जेवेनासा झाला. आणि काका जेवत नाही म्हटल्यावर आजीही जेवेना. तिचा नियम तुम्हाला सांगितलाच. दोन दिवस चूल पेटायची आणि अन्न गाईला जायचं. तेव्हा कुठं शाळा शिकलेल्या धाकट्या सुनेनं, वच्छलाकाकूनं, तिला घूस या शब्दाचा हिंदी अर्थ सांगितला.

आजी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "असं आहे काय? मंग दाखवतोच त्याईले."

आता खरं सांगा, आपल्या लेकरावर आळ आला तर तुमची-आमची आजी काय करील? देवाला नवस बोलेल. आमची आजी थोरल्या सुनेला, रुख्माकाकूला घेऊन पाळीवर गेली. बिळात मिरच्यांची धुरी दिली, दुसऱ्या तोंडाला टोपली लावली, आणि जिवंत घूस धरली! टोपलीवर दुसरी टोपली, वरून जुन्या लुगड्याच्या चिंधीची गाठ. खासरानं, म्हणजे बैलगाडीनं, तिरोडा, तिरोड्याहून रेल्वेनं गोंदिया. डब्यात एका मारवाड्यानं विचारलं, माँजी, मुर्गी है क्या? आजी म्हणाली, नाही बाप्पा, पुरावा आहे.

चौकशी काढणाऱ्या साहेबाच्या कचेरीत बाबूनं दारातच अडवलं. साहेब कामात आहेत, उद्या या, परवा या, अर्ज आणा. आजीनं सरळ सांगितलं, "साहेबासाठी घूस आणली हाये."

तुम्हाला सांगतो, बाबू उठून उभा राहिला. अहो, आपल्याला त्या कचेरीत कधी खुर्ची मिळाली? आजीला मिळाली! वर पाणी मिळालं. बाबू हळूच म्हणाला, माँजी, ऐसे सब के सामने नहीं बोलते, आणि तिला मागच्या दारानं आत घेऊन गेला. साहेबांनी टोपलीचा आकार पाहिला, इतर लोकांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि चिंधीची गाठ स्वतःच्या हातानं सोडली...

पुढचं व्हरांड्यात बसलेल्या अर्ध्या गोंदियानं ऐकलं. साहेब टेबलावर उभे आणि ओरडतायत, "निकालो इसे! मैं घूस नहीं लेता!"

आजी खालून शांतपणे म्हणाली, "माझा परसरामही नाही घेत, साहेब."

घूस फायलींच्या कपाटामागं गेली ती गेलीच. साहेब खाली उतरले, त्यांनी घाम पुसला, कुठली घूस ते एकदाचं त्यांच्या ध्यानात आलं, आणि काकावरची चौकशी तिथल्या तिथं संपली. आजी मात्र हलेना. भोकाचं काय? साहेब म्हणाले, वरून मंजुरी आली की खातं बुजवेल. आजी म्हणाली, "साहेब, घूस मंजुरीसाठी थांबत नाही." त्यावर तिला पुढच्या दारानं बाहेर पाठवण्यात आलं.

मग तिनं काय केलं? घरी आली, काकाला समोर बसवून जेवू घातलं, स्वतः जेवली, आणि या दोन्ही सुनांना घेऊन पाळीवर गेली. सरकारी पाळ, सरकारी भोक, सरकारी दंड... तिघींनी बीळ खणून उघडं केलं, माती टाकली, पाणी शिंपडलं, पायांनी तुडवून घट्ट केली. कोतवाल सुखराम बंदी आहे म्हणून सांगायला आला. आजीनं त्याच्या डोक्यावर टोपली दिली. तोही माती वाहू लागला. आता यात म्हातारीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मृगाचा पाऊस आला, तलाव सांडव्यापर्यंत भरला, आणि पाळीतून थेंब गळाला नाही. त्या साली घरात धान आलं.

इथं संपायला हवं होतं ना? नाही संपलं. पुढच्या साली तलावाकाठी सरकारी कार्यक्रमाचा मांडव उभा राहिला. पाहुणे आले, चुन्नीलाल आले. आणि पळसबोडीची पाळ पावसाआधी वेळेवर बुजवल्याबद्दल नंदलाल नावाच्या ठेकेदाराला हार घातला गेला. या नंदलालला गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बायांच्या रांगेत बसलेली आजी रुख्माकाकूच्या कानात म्हणाली, "मले वाटलं, कचेरीत एकच घूस सुटली होती."

माती तिघी बायांनी टाकली. अख्ख्या गावानं पाहिलं. त्या कामाचं बिल मात्र नंदलालच्या नावानं निघालं, आणि ते पास कोणी केलं, हे आजपर्यंत एकाही साहेबानं सांगितलेलं नाही.