शालनबाईंचा ओठ

चाकणला दातांच्या दवाखान्यात बबनराव सारखे उठून आतल्या दाराला कान लावून येत होते. शेवटी त्यांच्या शालनबाई गाल धरून बाहेर आल्या, त्या हसतच.

"काढला का गं दात?"

"न्हाई! वाचला."

"पन खाली मुळाचं टोक खराब झालंय म्हनत व्हते?"

"व्हय. डॉक्टरांनी मूळ आतून साफ केलं, औषध भरलं. आता टिकंल म्हनले."

"मग हसती कशाला?"

"सुई दिल्यापास्नं खालचा ओठच सापडंना! हाय का, फघा फरं."

"हाय की! माझं नाव घे बरं."

"फफनराव!"

"लगीन झाल्यापास्नं आज पहिल्यांदा घेतलंस, अन् तेबी चुकलीस!"

"उद्या नीट घेते."

"उद्या कशाला? चुकू दे. घरापतुर घेत ऱ्हा."