‘वार’ नावाचा रकाना

मला वाटलं होतं, तुम्ही शिव्या द्यायला येताल, मावशी — आणि तुम्ही तर हात जोडून, लेकरू कशानं गेलं त्याचा कागद मागून राहिलात. खाली करा ते हात. बसा. हाव, मीच ती डॉक्टर मंजुश्री, उदगीरचीच आहे — लंडनला शिकून आले म्हणून काय झालं. तुमच्या आरतीचं बाळंतपण इथंच झालं. लेकरू मेलेलं निघालं, अठरा दिवस झाले, मला माहीत हाय. आणि उद्या तुमच्या घरी बैठक — सुनेला ठेवून घ्यायचं का माहेरी धाडायचं. ताप अंगावर काढला, कुणाला बोलली न्हाई, म्हणून लेकरू गेलं — असंच म्हणतात ना सगळे? निवृत्तीपण? नवराच तसं म्हणतो म्हटल्यावर झालंच की.

आता ऐका. तुम्ही आरतीला घेऊन देगलूरच्या पल्याड कापूस वेचायला गेला होतात, तिकडून बाया हिवताप घेऊन येतात. पोटुशी बाईच्या रक्तात तो कधी कधी सापडतच न्हाई — लेकरामागून पडते त्या वारेत लपून बसतो, लेकराचं पोषण तोडतो. त्याचाच आमचा अभ्यास, तीन देशांत एकदम चालू हाय — ताप यायच्या आधीच गोळ्या द्याव्यात, का बोटाला सुई टोचून पट्टी बघावी आणि पट्टी सांगेल तेव्हाच द्याव्यात? कोणत्या गावाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. तुमच्या गावाला पट्टी निघाली. आणि बाळंतपण झालं की वारेचा तुकडा बाटलीत घालून तपासायला पाठवायचा — त्यात दिसतं, हिवताप होता का नव्हता. न्हाई, आरतीचा तुकडा न्हाई. कुणाचाच न्हाई.

का? ऐका, हसाल. तो फॉर्म मराठीत मीच केला, तिकडं लंडनात बसून, लई अभिमानानं — तारखेच्या शेजारी रकाना केला, वर लिहिलं ‘वार’, म्हणजे वारेचा तुकडा घेतला का. आणि आमच्या महामाया सिस्टर बाळंतपण झालं की त्यात लिहायच्या — सोमवार. गुरुवार. सव्वीस बाळंतपणं, सव्वीस रकाने भरलेले! कॉम्प्युटरला काय, रकाना भरला की झालं. मला तिकडून शाबासकी आली. काल मी बाटल्यांचा डबा उघडला — सगळ्या कोऱ्या. आरतीच्या रकान्यात ‘मंगळवार’. सिस्टर रडायला लागल्या आणि मी — मी हसत सुटले, मावशी.

काय म्हणता? वार उकरून आणू? तुम्हीच पुरली ना परसात, हळद वाहून, सिस्टर म्हणाल्या मला. न्हाई, मावशी, राहू द्या. अठरा दिवसांनी मातीत काय राहिलं असणार तिचं?

मग नुसतं लिहून द्या म्हणता, हिवतापच होता म्हणून, कोण बघतंय? काल मीपण तेच म्हणलं. टाइप करून ठेवलं होतं, सही तेवढी राहिली होती. डास चावला, नशीब म्हणायचं — आरती सुटली असती, मीपण सुटले असते. मी कशातून? काही न्हाई, सोडा ते. न्हाई — आता निघालंच तोंडातून. आरती आली होती, मावशी. ताप अंगावर काढला न्हाई तिनं. सातव्या महिन्यात, एकटी, जीपनं, तुम्ही बोलताल म्हणून घरी न सांगता. दात वाजत होते तिचे. पट्टी टाकली — एकच रेघ, म्हणजे हिवताप न्हाई. पट्टी चुकू शकते हे मला ठाऊक होतं, तेच तर शिकून आले मी! पण नियम म्हणजे नियम — साधी तापाची गोळी देऊन परत पाठवलं. चार दिवसांनी पुन्हा आली. पुन्हा एकच रेघ. म्हणली, “मॅडम, एकदा नीट बघा की.” मी म्हणलं, नीटच बघितलंय.

शिव्या द्या, त्या बऱ्या. आज सकाळी तो कागद मी फाडला. दुसरा हातानं लिहिलाय — लेकरू कशानं गेलं ते आम्हाला माहीत न्हाई. आरती दोनदा आली होती, तारखा खाली हायत. परत मी पाठवलं. तिला विचारलं, ती म्हणली, सांगा सगळ्यांना. लंडनच्या साहेबांनाही एक पाठवलाय, काय करायचं ते करतील. पण हा तुमच्या हातात देणार न्हाई मी. उद्या बैठकीत येऊन मीच वाचणार, निवृत्तीसमोर, आणि तुम्ही तिथंच बोला काय ते — न्हाई, आता काही बोलू नका. उठा. बाहेर बाया थांबल्यात. जावा, मावशी.