पिंपातला चहा आणि सासूबाईंचं नाक

कुणावर विश्वास ठेवायचा हो माणसानं? गोड बोलणाऱ्या शेजाऱ्यावर, की सतत खेकसणाऱ्या सासूवर? नाही, सांगाच तुम्ही! कारण पिंपातला चहा नासलाय की नाही हे कळायला नाक लागतं, आणि माझं नाक बंद!

चहा म्हणजे प्यायचा नव्हे हो, रोपांना घालायचा, खताचा. आमच्या पझार्जिक शहरातल्या बाजारात तीस वर्षं माझं बियाण्याचं दुकान. शाळा सातवीत सुटली, जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडून, आणि द्राक्षवेलींवर मारायच्या गंधकाची पोती उचलून उचलून वास गेला तो गेलाच. आमच्या सासूबाई, इग्लिका त्यांचं नाव, त्यांची ऐंशी मिरचीची रोपं. त्यांच्या आईच्या हातचं बी, गेल्या वर्षीच्या गारपिटीतून वाचलेलं शेवटचं मूठभर... आणि रोपं पडली पिवळी! मी छाती काढून म्हणालो, "मी आहे ना! स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचा चहा पाजतो!"

आता आमचा हात कसा, कोबीच्या पिंपाला सवकलेला. दर हिवाळ्यात मिठाच्या पाण्यात कोबी आंबवायचा, वर फळी, फळीवर धोंडा. तेच निळं पिंप तीनदा धुतलं, कांद्याबटाट्याची सालं, सॉसेजची टोकं, चीजचे तुकडे, सगळं कच्चंच लोटलं, पाणी भरलं, फळी, आणि वर धोंडा! चार दिवस! आणि वास? माझं नाक बंद!

मग बोलावलं शेजारच्या मिंचोला. आला, वाकला, डोळे मिटून म्हणाला, "वा, वल्कोभाऊ! पावसानंतरचं जंगल!" मी खूश. घातला पेला राकियाचा, म्हणजे आलुबुखाराच्या घरच्या दारूचा, सोबत काकडी-टोमॅटो. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. "आज तर जंगलात फुलं उमललीत!" पुन्हा पेला. तेवढ्यात सासूबाई आल्या, नाकाला रुमाल. "काय मेलंय इथं? जावईबापू, हे माझ्या पोरींना पाजणार तुम्ही?" पोरी म्हणजे रोपं हं, लेक नव्हे. पण तुम्हाला सांगतो, ह्या बाईला माझ्या लग्नातलं जेवणसुद्धा आंबट लागलं होतं! मानायचं कुणाचं? उद्या सकाळी ओतायचं ठरलेलं, आणि माझं नाक बंद!

पण मीही व्यापारी आहे हो, तराजू तपासल्याशिवाय माल घेत नाही. बादलीभर विहिरीचं पाणी घेतलं, वर फडकं बांधलं, आणि हाक मारली मिंचोला. हुंगलं त्यानं... "अहाहा! जंगल! मशरूमसुद्धा!" साध्या पाण्यात मशरूम! मग तीच बादली सासूबाईंपुढे. "कसला वास? पाणी आहे हे. पाणी हुंगायला बोलावलंत मला? डोकं दाखवून या कुणाला!"

झालं! ऐंशी पोरी वाचल्या! विहिरीपासून लांब खड्डा खणून ती घाण पुरली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि मान खाली घालून म्हणालो, "सांगा आता." त्या म्हणाल्या, "अहो, कोबीचं पाणी रोज खालच्या तोटीनं काढून वरून ओतता, ते कशासाठी? हवा लागावी म्हणूनच ना? मग ह्यालाच का कोंडलंत? आणि मांस, चीज? मांजर पाळलंय का पिंपात?" मग त्यांच्या ढिगातलं गेल्या वर्षीच्या सालींचं खत घेतलं, पुरतं कुजून काळंभोर, मातीसारखं झालेलं. गोणपाटात बांधून पाण्यात सोडलं, धोंडा नाही, फळी नाही, दीड दिवस खालून काढ, वरून ओत, खालून काढ, वरून ओत... कंबर गेली हो! त्यांनी हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि म्हणाल्या, "माती." बस्स! लगेच ओतलं, फक्त मुळाशी. शेजारच्या लेट्यूसच्या पानांवर थेंब नाही, ती आपण कच्ची खातो.

नवव्या दिवशी शेंड्यांना हिरवी पानं! ऐंशीतली अठ्ठ्याहत्तर! सासूबाई एकेका पानाला बोट लावत गेल्या.

आता पिंपाजवळ खिळ्याला वही टांगलीय. काय घातलं, कधी घातलं, वास कसा. मिंचोला लिहायची बंदी! सासूबाई रोज सकाळी येतात, हुंगतात, लिहितात. कालचीच नोंद वाचा ना: "चहा ठीक. जावई आंबूस." काय करणार, बाईचं नाक चुकत नाही, आणि माझं नाक बंद! तेव्हा तुमच्याही पिंपाजवळ वही टांगा हो, आणि त्यात खरं तेच लिहा... मी आंघोळ करून येतो.