ठिपका रात्रभर पार्लरवर

अंजू : थांब थांब. म्हणजे ह्याच्यासाठी तू कालपासून दीपेश भावजींचा फोन उचलत नायस? एका ठिपक्यासाठी?

रेश्मा : हळू बोल गो. बाबा अंगणात आहेत.

अंजू : बाबा गाडी पुसतायत, त्यांना काय ऐकू येत नाय. दाखव मला नीट.

रेश्मा : काय दाखव? साखरपुड्याच्या दिवशी तूच आमच्या दोघांच्या फोनात लोकेशन चालू करून दिलेलंस ना, मोठी शहाणी? बघ आता. हा ह्यांचा ठिपका.

अंजू : अय्या, ‘ह्यांचा’!

रेश्मा : अंजे, मार खाशील.

अंजू : बरं बरं. दिवसभर ठिपका मुरबाडला, कंपनीत. बरोबर. संध्याकाळी गावाच्या वाटेला. हे पण बरोबर. मग हे काय... मैना ब्युटी पार्लर?

रेश्मा : रोज.

अंजू : केस कापायला गेले असतील.

रेश्मा : रोज? लेडीज पार्लरात?

अंजू : मग सामान द्यायला. किती वेळ असतात तिथे?

रेश्मा : सकाळपर्यंत.

अंजू : काय?

रेश्मा : झोपताना बघते, ठिपका तिथेच. पहाटे जाग आली की बघते, तिथेच. सकाळी ते कंपनीच्या वाटेला लागले की मगच हलतो. आणि मला फोनवर सांगतात काय, तर घरच्या ओट्यावर बसलोय. मागून बायकांचा हसण्याचा आवाज येतो. विचारलं तर म्हणे, टीव्ही चालू आहे.

अंजू : ताई... तू किती दिवस हे बघतेस?

रेश्मा : तू चालू करून दिलंस तेव्हापासून.

अंजू : आणि मला आज सांगतेस! मी एवढी इन्स्टावरून लोकांची लफडी शोधून काढते. आमच्या वर्गात तर कोण कुणाचं स्टेटस पहिलं बघतं त्यावरून मी सांगते, कुणाचं काय चाललंय. आणि माझ्याच घरात...

रेश्मा : म्हणूनच नाय सांगितलं. उद्या बाबा शहापूरला पत्रिका छापायला टाकणार. आज जेवताना मी त्यांना सांगणार आहे, नको टाकू.

अंजू : वेडी आहेस? विचारलंस का भावजींना?

रेश्मा : काय विचारू? ‘मी रोज रात्री तुमचा ठिपका बघते, तुम्ही त्या मैनाकडे झोपता का’ असं? आणि पुन्हा ओटाच सांगितला, तर? आता खोटं ऐकवत नाय मला.

अंजू : मला वाटलं, तुला ते एवढे काय आवडले नायत. बघायला आले तेव्हा तर तू वर पण बघितलं नव्हतंस.

रेश्मा : मलापण तसंच वाटलेलं.

अंजू : रडू नको ना गो. ए, बघ बघ, ठिपका हलला. गावाच्या वाटेवर आहे. चालला... चालला... आणि हा एकदम पार्लरवर.

(फोन वाजतो.)

रेश्मा : राहू दे. वाजू दे.

अंजू : उचलते मी. स्पीकरवर टाकते. तू विचार, नायतर मी विचारणार. हॅलो भावजी, देते हां ताईला.

दीपेश : हॅलो? रेश्मा? अगं, कालपासून किती फोन केले. बरं नाय का तुला?

रेश्मा : कुठे आहात?

दीपेश : हे काय, घरी. ओट्यावर बसलोय.

रेश्मा : कोणाच्या ओट्यावर?

दीपेश : आं?

रेश्मा : कोणाच्या ओट्यावर, विचारते मी. मैनाच्या?

दीपेश : ...तुला कोणी सांगितलं?

रेश्मा : ऐकलंस अंजू? ‘कोणी सांगितलं’ म्हणतात. संपलं. ठेव फोन.

दीपेश : नको, नको ठेवू! ऐक ना. सांगणारच होतो मी. लग्नाच्या आधी सांगणारच होतो, आईची शपथ. आमच्या घरी रेंज नाय.

अंजू : काय नाय?

दीपेश : रेंज, रेंज. फोनची. आमचं गाव पार डोंगराच्या खाली, खोलगट. सगळ्या गावात एकाच ओट्यावर रेंज येते, मैनावहिनीच्या. तिने घराच्या पडवीत पार्लर टाकलंय. संध्याकाळी सगळे पोरगे हितेच बसतात. वहिनी आमच्या नावाने ओरडते, तुमच्यामुळे माझी गिऱ्हाइकं लाजतात, म्हणते. आता पण हसतायत बघ सगळ्या. तुला ऐकू येतं ना?

रेश्मा : टीव्ही ना हा?

दीपेश : टीव्ही नाय.

रेश्मा : आणि रात्रभर? रात्रभर कसली रेंज लागते?

दीपेश : रात्रभर कोण थांबेल हिते? तुझा फोन झाला की मी घरी. जेवतो नि झोपतो.

रेश्मा : खोटं. ठिपका सकाळपर्यंत तिथेच असतो.

दीपेश : कसला ठिपका?

अंजू : थांबा! थांबा दोघं! ताई, दे तो फोन. ठिपक्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचलंस कधी? हा ठिपका शेवटचा कुठे दिसला ते लिहितात. रेंज गेली की ठिपका तिथेच गोठतो! भावजी घरी जाऊन झोपतात नि ठिपका बिचारा ओट्यावर. आणि... आई गं. ताई, तुझे आलेले कॉल काढ. ते पार्लरला पोचले की तुझा फोन वाजतो. कालपण, परवापण. अगं येडे, ते तिथे जातात ते तुझ्यासाठी!

रेश्मा : (ओढणीत तोंड लपवते.)

अंजू : ताई? हसतेस का रडतेस?

रेश्मा : गप गो.

दीपेश : म्हणजे तुम्ही मला नकाशात बघत होता? ते साखरपुड्याच्या दिवसापुरतंच नव्हतं? मला वाटलं, तुमची गाडी हॉलचा रस्ता चुकू नये म्हणून अंजूने ते चालू केलं.

अंजू : मी ‘कायमचं’ दाबलेलं. सॉरी भावजी.

दीपेश : आणि रेश्मा, तू रोज बघायचीस?

अंजू : रोज! पहाटे उठून पण!

रेश्मा : अंजे! ...हो, बघायचे. पण तुम्ही ओटा का सांगायचात? रेंज नाय, एवढं बोलायला काय झालेलं?

दीपेश : तुझ्या आधी एक स्थळ आलेलं. सगळं पसंत पडलं, नि पोरगी म्हणाली, ह्या घरात फोन लागत नाय, मी नाय येणार. मग तुमची माणसं घर बघायला आली ना, तेव्हा माझा जीव नुसता वरखाली. तुझ्या बाबांनी विहिरीचं पाणी चाखलं, पत्रे बघितले, भाताची कणगी पण वाजवून बघितली. फोन तेवढा कोणी बघितला नाय. काकांनी फोटोला फोन काढला, तर मी पटकन त्यांच्या हातात चहा दिला.

अंजू : म्हणून काका तीन-तीन चहा पिऊन आलेले!

रेश्मा : हसू नको. हसण्यासारखं नाय ते. मी दोन दिवस जेवले नाय नीट.

दीपेश : चुकलं माझं. आता तूच सांग. रेंज तर मी आणू शकत नाय. तुला नको वाटत असेल तर बाबांना तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाय. म्हणजे घेईन. पण तुला दाखवणार नाय.

अंजू : ताई, बोल ना. गाडी पुसून झाली बघ, बाबा आत येतायत.

रेश्मा : अंजू, बाबांना जाऊन सांग, उद्या पत्रिका टाकायला मीपण येते. रंग मी निवडणार.

अंजू : येस्स्! पण एक राहिलं. भावजी, मी पण एकदा ताईच्या फोनात बघितलेलं, मागच्या रविवारी तुमचा ठिपका आमच्या आसनगावच्या नाक्यावर आलेला नि तिथूनच परत गेलेला. ते काय होतं?

दीपेश : ते... वडापाव खायला.

अंजू : मुरबाडवरून?

रेश्मा : जा म्हटलं ना तुला! आणि जाताना ते लोकेशन बंद करून जा. माझं पण, ह्यांचं पण.

अंजू : का गो? आता तर मजा आहे!

रेश्मा : नको. माणसाला विचारायचं सोडून मी ठिपक्याला विचारत बसले. बंद कर.

दीपेश : रेश्मा, वहिनी दार लावतेय. निघतो मी. पण वाटेत काळोख आहे. मी पोचलो ते तुला आता कळणार कसं? घरून तर फोन लागत नाय.

रेश्मा : मी करून बघेन. नाय लागला, की समजेन, पोचलात.