शीतकक्षातले एकोणीस बाण

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आमच्या विभागप्रमुख बाई, ध्रुवीय संशोधन संस्थेतून एवढा लांबचा प्रवास करून आलेले सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावरचे सर्व प्राध्यापक, कार्यालयातले माझे सोबती, समोर बसलेले विद्यार्थी, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आमची विद्यार्थिनी, जिला सगळे कानटोपी म्हणतात, सर्वांना माझा नम्र नमस्कार.

बाईंनी मला सांगितलं, "दोन शब्द तुम्ही बोला, चार वर्षं ती तुमच्याच खोलीत होती." खोली म्हणजे तळघरातला शीतकक्ष. तिथे उणे वीस अंश तापमान असतं. बोलायची सवय तिथे राहत नाही, तोंड उघडलं की दात गार पडतात. सव्वीस वर्षं मी तो सांभाळतो. माझ्या मेहुण्याला अजून वाटतं की मी आइस्क्रीमच्या कारखान्यात आहे. दर उन्हाळ्यात विचारतो, "भावोजी, काही आणलंत का?"

आत्ता पाहुण्यांनी फार सुंदर सांगितलं. ध्रुवाकडचं शेवाळ, त्यात राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्याखाली ती कायम गोठलेली जमीन, जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती आता वितळू लागली आहे, म्हणून डॉक्टरेटसाठी माणसं हवी आहेत आणि यंदा चार जागा आहेत, हेही सांगितलं. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. आमच्या वर्गातल्या नकाशाचा वरचा भाग फाटलेला होता, त्यामुळे उत्तर ध्रुव आमच्या अभ्यासक्रमात कधी आलाच नाही. मला तो या मुलीने दाखवला.

पहिल्या वर्षी ती मोहिमेवर गेली. सोळा दिवस तंबूत राहून, एका नदीच्या काठावर भोक पाडून, तिने जमिनीचे बेचाळीस तुकडे काढून आणले. प्रत्येक तुकडा हातभर लांब, मनगटाएवढा जाड. ते कपाटात लावताना मी विचारलं, "बाळ, या चिखलात एवढं काय आहे?"

"काका, हजारो वर्षांपूर्वीचं गवत आहे. कुजायचं राहून गेलंय."

मी त्या तुकड्यांना हात जोडले. ती हसली नाही. मला वाटलं, देवाने एक काम अर्धं ठेवून झाकून ठेवलं आहे आणि ते आपल्या खोलीत आणून दिलं आहे. त्यानंतर रोज दार उघडताना मी आधी नमस्कार करत असे. हिचं मात्र भलतंच. आत शिरताना कानटोपी ओढायची आणि म्हणायची, "काका, हळू बोला, पोरं झोपलीत."

या कामात एक रीत आहे, ती सांगतो. प्रत्येक तुकडा पिशवीत असतो, पिशवीवर क्रमांक असतो आणि एक बाण असतो. बाणाचं टोक आकाशाकडे. म्हणजे जमिनीत असताना वरची बाजू कुठली होती, हे त्या बाणावरून कळतं. वर नवी वर्षं, खाली जुनी. बाण गेला, की तो नुसता गोठलेला चिखल.

दुसऱ्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. ही मुलगी परगावी होती. फाटकावरचे पहारेकरी आणि मी, दोघांनी मिळून बेचाळीस तुकडे बाजूच्या खोलीतल्या मोठ्या फ्रीजरमध्ये हलवले. तो आडवा, पेटीसारखा. खालचा थर मी लावला, तेवीस तुकडे, सगळे बाण माझ्या डाव्या हाताला. मग माझे हातमोजे भिजले, बोटं वळेनात. पहारेकरी समोरच्या बाजूला उभे होते. त्यांना म्हटलं, "वरचा थर तुम्ही लावा. बाण डाव्या हाताला ठेवा." त्या भल्या माणसाने एकोणीस तुकडे तसेच लावले. डाव्या हाताला.

त्यांच्या डाव्या.

समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांचे डावे हात एका बाजूला येत नाहीत, हे पहिलीतलं मूलही सांगेल. त्या दुपारी आम्हा दोघांनाही सुचलं नाही. एकही तुकडा वितळला नाही याचाच आनंद होता. मी देवाचे आभार मानले आणि पहारेकऱ्यांना चहा पाजला.

इथवरही काही बिघडलं नव्हतं. पिशव्यांवर बाण होतेच. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर हलवताना पिशव्यांवर बाहेरून दव धरलेलं होतं. क्रमांक छापलेले, ते शाबूत, बाणांची शाई मात्र फिसकटलेली. मला वाटलं, पोरगी येऊन घाबरेल. आमच्या गुरुजींनी माझं अक्षर घासूनपुसून चांगलं केलेलं आहे, या विभागातल्या सगळ्या पाट्या माझ्याच हातच्या. मी एकेक पिशवी पुसली आणि बेचाळीस नवे बाण काढले. काळेभोर, सरळ, टोकदार. सगळे माझ्या डाव्या हाताला.

तिला कॉम्प्रेसरचं सांगितलं. बाणांचं सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही.

पुढची दीड वर्षं तिने ते तुकडे कापले. एका तुकड्याच्या वीस चकत्या, प्रत्येक चकती दळायची, मोजायची. आकडे येईनात. कुठे नव्याच्या खाली जुनं, कुठे जुन्याच्या खाली नवं. बाई एकदा तिला म्हणाल्या, "अगं, जमीन काय शीर्षासन करते का?" बाई, तुमचं चुकलं नाही, कोणीही तेच म्हटलं असतं. तिने यंत्र तपासलं, रसायनं बदलली, पहिल्यापासून दोनदा केलं. तिचे डोळे खोल गेले. मी घरून डबा आणायचो, तो संध्याकाळी तसाच परत जायचा. आमची ही विचारायची, "पोरगी जेवत का नाही?"

एक दिवस ती रिकामी पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"काका, हे बाण कोणी काढले?"

मी म्हणालो, "मीच. छान आलेत ना?"

तिने त्या दुपारी कोण कुठे उभं होतं, कोणी किती तुकडे लावले, ते एकेक विचारून घेतलं. मग म्हणाली, "छान आलेत."

सभेला वाटेल, मग आता उलटे तुकडे सुलटे करून घ्यावेत. मीही तेच म्हटलं. तिने मला समजावलं. एकोणीस उलटे, पण कुठले एकोणीस, हे कुठेच लिहिलेलं नाही. तारखा पाहून ठरवता येतील. पण त्या तारखांचा क्रम शोधायलाच तर हे सारं होतं. म्हणाली, "काका, ते उत्तर पाहून गणित मांडल्यासारखं होईल." आमचे गुरुजी त्यासाठी छडी मारायचे. नवे तुकडे आणायचे, तर तो नदीचा काठच वितळून नदीत गेला आहे. जिथे भोक पाडलं होतं तिथे आता पाणी आहे. मी देवापाशी खूप बसलो. पण दळलेली चकती पुन्हा जमीन होत नाही, आणि तसं मागायची मला लाज वाटली.

आता जे बोलतो, ते बोलू नका असं या मुलीने मला बजावलं आहे. आज सकाळीच म्हणाली, "काका, चार चांगले शब्द बोला आणि खाली बसा." बघा, आत्ताही मान हलवते आहे.

विभागाच्या अहवालात लिहिलं आहे की विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे नमुने निरुपयोगी झाले. म्हणून ती पदवीशिवाय चालली आहे. पाहुण्यांच्या चार जागांपैकी एकीसाठी तिने अर्ज केला आहे, पुन्हा पहिल्या वर्षापासून. त्या अर्जाला माझी सही लागते, किल्ली परत मिळाली म्हणून. तेव्हा मी तो वाचला. अपूर्ण राहिलेल्या संशोधनाचं कारण विचारलं आहे, तिथे हिने लिहिलं आहे, "नमुन्यांची दिशा नोंदवण्यात माझी चूक झाली."

मी म्हटलं, "बाळ, हे खोटं आहे."

"खोटं नाही. दिशा मी वहीत उतरवून ठेवायला हवी होती. पिशवीवर विसंबले."

"पण बाण मी..."

"तुमची दहा वर्षं नोकरी राहिलीय, काका. काकूंना काय सांगाल? करा सही."

आणि मी केली. आठ दिवस झाले, तेव्हापासून शीतकक्षाचं दार उघडताना माझे हात जोडले जात नाहीत.

पाहुणे आत्ता म्हणाले, ध्रुवावर दुसरी संधी नसते, म्हणून आम्ही निष्काळजी माणूस घेत नाही. अगदी रास्त आहे. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं होतं. ते सज्जनपणे म्हणाले, "तोंडी बोलण्याचा उपयोग नाही, आणि निवडीची यादी परवाच वर गेली." म्हणजे माझ्या या बोलण्याने काही होईल, असं नाही. मला ठाऊक आहे. तरी या खोलीत शंभर माणसं आहेत, आणि ती शंभर माणसं खोटं मनात घेऊन तिला टाळ्या वाजवणार, हे मला बसून पाहवेना. चूक माझी आहे. पहारेकऱ्यांचीही नाही, त्यांनी मी सांगितलं तेच केलं.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. एवढं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सभेचे आभार. बोलण्यात मानापमानाचं काही कमीजास्त झालं असेल, तर ते माझ्या अडाणीपणावर घालावं. बाळ, तुझं ऐकलं नाही, तेवढ्याची तुझ्याकडे क्षमा मागतो. त्या एकोणीस बाणांची मागत नाही. तू ती देऊन टाकशील, म्हणून मागत नाही.

तोंडी बोलण्याचा उपयोग नाही, म्हणून हे सगळं लिहून आणलं आहे. चार पानं आहेत, खाली सही आहे. ती पाहुण्यांपुढे ठेवतो. वाचायला त्रास होणार नाही. या अक्षरावर विश्वास ठेवून एका मुलीची चार वर्षं गेली. आपण आणखी एकदाच ठेवावा, एवढीच विनंती.

नमस्कार.